कोविडनंतरची प्राथमिक शाळा: गोव्यातील पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील शाळा मार्च २०२० च्या मध्याला बंद झाल्या आणि पहिलीपासूनचे वर्ग पुन्हा नियमितपणे भरू लागायला फेब्रुवारी २०२२ उजाडला. जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीत घातले गेले, ते जून २०२२ मध्ये तिसरीत बसत होते. वर्गात बाकावर बसून शिकण्याचा त्याचा अनुभव मात्र जेमतेम दोन-एक महिन्यांचा होता. २०२२-२३ हे वर्ष सुरू होताना पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते, त्यांची त्या वेळी एका प्राथमिक शिक्षिकेने दिलेली उत्तरे येथे आहेत; त्यांतील ‘यंदा’ म्हणजे २०२२. सरकारी, अनुदानित आणि खासगी अशा सर्व मराठी प्राथमिक शाळांतील पालकांना ती उपयोगी पडावीत.

मूल तिसरीत गेले, पण त्याला दुसरीचेही येत नाही. त्याला एक वर्ष मागे बसवावे का?

बसवू नये. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याचे सूत्र असे आहे की मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत स्थान द्यावे आणि राहिलेला अभ्यास त्या इयत्तेत असतानाच भरून काढावा. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीच्या अखेरीस परीक्षा घेऊन, पुन्हा एक संधी देऊनही अनुत्तीर्ण राहिलेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मोकळीक दिली आहे; पहिली ते चौथीच्या मुलांना ती लागू नाही.

कायद्याइतकेच महत्त्वाचे दुसरे कारण आहे. याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे, म्हणजे दोन वर्षांचे १,६०० तास झाले. त्यांपैकी किती तास आपल्या मुलाला खरोखर मिळाले, हे प्रत्येक पालकाने मनाशी मोजून पाहावे. जे मुलाला मिळालेच नाही ते त्याला येत नाही, यात त्याच्या बुद्धीचा काहीच दोष नाही. त्याला मागे बसवले, की बरोबरीची मुले पुढे गेलेली तेवढी त्याला दिसतात आणि आपण ‘ढ’ आहोत ही समजूत त्याच्या मनात घर करते. अभ्यास काही महिन्यांत भरून निघतो, पण ती समजूत पुसायला वर्षे लागतात, हे मी वर्गात पाहत आले आहे.

मुलाला वाचता येते की नाही हे घरच्या घरी कसे ओळखावे?

पाठ्यपुस्तकातला धडा वाचायला देऊ नये, कारण मोबाईलवर आलेले धडे अनेक मुलांना ऐकून ऐकून पाठ झालेले आहेत. कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत चार नवीन वाक्ये लिहावीत, उदाहरणार्थ: ‘पाऊस पडला. मनूची छत्री उडाली. छत्री ओढ्यात पडली. मनू हसली.’ मुलाला ती बोट ठेवून वाचायला सांगावीत आणि मध्ये न बोलता ऐकावे. ‘पाऊस’ आणि ‘मनू’ नीट वाचून मूल ‘छत्री’पाशी अडत असेल किंवा ‘छतरी’ असे वाचत असेल, तर त्याला अक्षरे व काने-मात्रे येतात, केवळ जोडाक्षरांची ओळख राहिली आहे, असे समजावे. ‘पडला’चे ‘पाडला’ होत असेल तर बाराखडीकडे वळावे लागेल. बोट एका शब्दावर आणि तोंडात दुसरा शब्द असेल, तर मूल अंदाजाने बोलत आहे. अशा वेळी शेवटच्या वाक्यापासून उलट वाचायला सांगावे, म्हणजे पाठांतर आणि वाचन लगेच वेगळे होते.

ही तपासणी दहा मिनिटांत होते. तिचा निष्कर्ष वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून शिक्षकांना दाखवावा. ‘आमच्या मुलाला काहीच येत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘जोडाक्षरे अडतात’ ही माहिती शिक्षकाच्या कितीतरी अधिक कामाची असते. तपासणी शेजाऱ्यांसमोर किंवा धाकट्या भावंडासमोर कधीही करू नये.

राहिलेला भाग भरून काढण्यासाठी रोज वीस मिनिटे पुरतात, मात्र एकही दिवस चुकता कामा नये. रविवारी एकदम दोन तास बसवून काही साधत नाही. बाराखडी येणारे मूल या पद्धतीने चतुर्थीच्या सुट्टीपर्यंत, म्हणजे यंदा ऑगस्टअखेरपर्यंत, साधी जोडाक्षरे वाचू लागावे, ही अपेक्षा वाजवी आहे.

गणितात नेमके काय राहून गेले आहे?

बहुतेक मुलांना शंभरपर्यंतचे अंक तोंडपाठ म्हणता येतात, पण लिहिताना गोंधळ होतो. ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी कानावर पडतो, म्हणून मूल ७२ लिहिते. ‘एकोणचाळीस’ ऐकून ४९ किंवा ४१ लिहिणारी मुलेही पुष्कळ आहेत. ही चूक नेहमीच होते आणि वर्गात शिक्षकाच्या डोळ्यांसमोर ती दोन आठवड्यांत सुधारते. गेली दोन वर्षे मात्र वहीचा फोटो शिक्षकांकडे जात होता आणि तो पाठवण्यापूर्वी घरातील मोठ्यांनी उत्तरे दुरुस्त केलेली असत, त्यामुळे ती चूक शिक्षकांना दिसलीच नाही.

उपाय सोपा आहे. माडाच्या झावळीचे हीर सारख्या लांबीचे कापून दहा-दहाच्या जुड्या बांधाव्यात आणि काही सुटे ठेवावेत. ‘सत्तावीस दाखव’ म्हटल्यावर मुलाने दोन जुड्या डावीकडे आणि सात सुटे हीर उजवीकडे मांडले, की मग अंक लिहायला सांगावा. वजाबाकीत हातचा घेताना एक जुडी सोडून तिचे दहा सुटे हीर करायचे असतात, हे मुलाने स्वतःच्या हाताने केले की वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पाढ्यांची घाई या टप्प्यावर करू नये.

आमच्या घरी कोकणी बोलतात. दोन वर्षांत मुलाची मराठी पार मागे पडली आहे. काय करावे?

गोव्यातील मराठी शाळांपुढचा हा सर्वांत मोठा प्रश्न आहे आणि बाहेरून आलेल्या सूचनांमध्ये त्याचा विचार सहसा झालेला नसतो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिते. आपल्याकडे घरात कोकणी आणि शाळेत मराठी हे पिढ्यान्पिढ्या सुरळीत चालत आले, कारण मराठी मुलाच्या कानावर शाळेबाहेरूनही पडत होती. चतुर्थीच्या आरत्या, देवळातली भजने, जत्रेतली नाटके, पारावर मोठ्याने वाचले जाणारे वर्तमानपत्र यांतून शाळेत येण्यापूर्वीच मराठी ओळखीची होत असे. साथीच्या काळात शाळेबरोबर जत्रा, नाटके आणि भजनाच्या बैठकाही थांबल्या, आणि पहिलीतल्या मुलाला मराठी ऐकण्याची ठिकाणे एकाएकी बंद झाली. ज्यांच्या घरी कन्नड किंवा हिंदी बोलतात, अशा कामगार कुटुंबांतील मुलांचे नुकसान तर याहून अधिक झाले.

यावर उपाय म्हणून घरात मुद्दाम मराठी बोलण्याची मुळीच गरज नाही, आणि तसे करूही नये. मुलाचा आई-आजीशी होणारा संवाद तुटतो तो वेगळाच. रोज रात्री एक लहान गोष्ट मराठीत मोठ्याने वाचून दाखवावी आणि तिच्याविषयीच्या गप्पा खुशाल कोकणीत माराव्यात. मुलाने शिक्षकांना कोकणीतून उत्तर दिले तर ते चुकीचे उत्तर नव्हे. त्याला प्रश्न समजला आहे, फक्त मराठी वाक्य अजून जमत नाही. शिक्षकांनी तेच उत्तर मराठीत पुन्हा म्हणून दाखवावे आणि मुलाला बोलत राहू द्यावे. कोकणी बोलल्याबद्दल मुलाला गप्प करणारा वर्ग त्याची मराठीही गमावतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्हाला स्वतःला फारसे लिहिता-वाचता येत नाही. मग आम्ही काय शिकवणार?

शिकवण्याचे काम शाळेचे आहे. मूल मोठ्याने वाचत असताना त्याच्याजवळ बसणे, त्याला रोज वेळेवर शाळेत पाठवणे आणि महिन्यातून एकदा शिक्षकांना भेटणे एवढे आपण केलेत तरी पुष्कळ आहे. भाजी विकताना मुलाला सुट्टे पैसे मोजायला द्यावेत, नारळ मोजताना दहा-दहाचे ढीग करायला लावावेत. वरच्या वर्गातील ताईने किंवा दादाने रोज थोडा वेळ सोबत वाचले, तर दोघांचाही फायदा होतो.

मूल यंदा पाचवीत जात आहे आणि हायस्कूलमध्ये इंग्रजी माध्यम आहे. ते कसे झेपेल?

गोव्यात प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते आणि पाचवीपासून बहुसंख्य मुले इंग्रजी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये जातात. हा बदल एरवीही अवघड असतो. यंदाच्या मुलांची तर तिसरी आणि चौथी जवळपास पूर्ण घरीच झाली. या मुलांकडे सर्वांत आधी लक्ष द्यायला हवे, कारण पहिली-दुसरीच्या मुलांच्या हाती प्राथमिक शाळेची काही वर्षे अजून आहेत, पाचवीच्या मुलाला मात्र नवी इमारत, प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक आणि नवी भाषा असे सगळे एकाच वेळी पेलायचे आहे.

शाळा सुरू होताच वर्गशिक्षकांना भेटून मूल मराठी माध्यमातून आले आहे आणि चौथीपर्यंतचे त्याचे कोणते भाग कच्चे आहेत, हे स्पष्ट सांगावे. गणित आणि विज्ञानातील कल्पना घरी आधी मराठीत किंवा कोकणीत समजावून घ्याव्यात, मग इंग्रजी शब्द शिकावा. उलट क्रमाने गेल्यास मूल उत्तरे पाठ करते आणि त्याला काहीच कळलेले नसते. मराठी वाचन या काळात सोडू नये. एका भाषेत अस्खलित वाचणारे मूल दुसरी भाषा लवकर वाचू लागते. दोन्हींत अडखळणाऱ्या मुलाला मात्र पुस्तकाचाच धाक बसतो. पहिली सहामाही संपेपर्यंत गुणांवरून मुलाला बोल लावू नयेत.

शाळा सुरू झाली तरी गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवरच येतो. मोबाईल किती वेळ द्यावा?

तेव्हाच्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने (आताच्या शिक्षण मंत्रालयाने) जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ ही मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा शाळा पूर्ण बंद होत्या. त्या काळातही पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका सांगितल्या होत्या. मग शाळा भरत असताना मोबाईलवरचा अभ्यास त्याहून पुष्कळच कमी असला पाहिजे, हे उघड आहे.

व्हॉट्सअ‍ॅप गटाचा उपयोग पालकांना निरोप देण्यासाठी व्हावा आणि गृहपाठ वर्गातच वहीत लिहून द्यावा, अशी विनंती पालक-शिक्षक संघाच्या सभेत जरूर करावी. सत्तरी, सांगे, काणकोण आणि धारबांदोडा या तालुक्यांतील कित्येक वाड्यांवर नेटवर्कसाठी मुलांना डोंगरावर चढावे लागत होते आणि पावसाळ्यात तेही जमत नव्हते. वीज किंवा नेटवर्क नसल्यामुळे गृहपाठ झाला नाही म्हणून मुलाला वर्गात उभे करणे योग्य नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे.

घरातील सवय मोडण्यासाठी मोबाईल एकदम हिसकावून घेऊ नये. जेवताना आणि झोपण्यापूर्वीच्या एका तासात तो कोणाच्याच हातात नसावा, आणि हा नियम मोठ्यांनीही पाळावा.

मूल शाळेत जाताना रडते, वर्गात एका जागी बसत नाही. काही बिघडले आहे का?

पहिल्या काही आठवड्यांत असे होणे साहजिक आहे. दुसरी-तिसरीतील मुले वयाने मोठी असली तरी वर्गातल्या रीतीभातींसाठी ती पहिलीतलीच आहेत: रांगेत उभे राहणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, डबा वाटून खाणे, पेन्सिल धरून सलग एक पान लिहिणे हे सारे त्यांना प्रथमच करायचे आहे. लिहिताना बोटे दुखतात म्हणून वही टाळणाऱ्या मुलाला आळशी म्हणू नये. दोन-तीन ओळींपासून सुरुवात करावी. पोटदुखीची तक्रार फक्त शाळेच्या दिवशी होत असेल तर शिक्षकांशी बोलावे. चतुर्थीनंतरही रडणे, झोपेत दचकणे किंवा अजिबात न बोलणे चालूच राहिले, तर आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

माध्यान्ह आहाराचे काय?

शाळा बंद असताना शिजवलेल्या आहाराऐवजी मुलांच्या नावे कोरडे धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाची रक्कम देण्याची तरतूद होती. ही योजना सप्टेंबर २०२१ पासून केंद्राच्या पातळीवर ‘पीएम पोषण’ या नावाने ओळखली जाते. प्राथमिक वर्गातील मुलाच्या आहारात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे तिचे प्रमाण आहे. गोव्यात हा आहार बहुतांशी महिलांचे स्वयंसाहाय्य गट पुरवतात. आहाराच्या दर्जाविषयी शंका असल्यास मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावे. कोविडच्या भीतीने मुलाला आहार घेण्यापासून अडवू नये. हात साबणाने धुणे पुरेसे आहे.

फी परवडेना म्हणून आम्ही मुलाला खासगी शाळेतून काढले आहे. जुनी शाळा दाखला देत नाही. दुसरीकडे प्रवेश मिळेल का?

सरकारी किंवा अनुदानित शाळेत मिळेल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार अशा शाळेत बदली घेण्याचा मुलाला हक्क आहे, जुन्या शाळेने दाखला ताबडतोब दिला पाहिजे आणि तो यायला उशीर झाला या कारणाने नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही, असे कलम १४ सांगते. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेण्यास कलम १३ ने बंदी आहे. एवढे सांगूनही अडवणूक झाल्यास तालुक्याच्या भागशिक्षणाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी बोलण्यावर विसंबून राहू नये. साथीत अनेक पालकांचे पर्यटन, हॉटेल आणि टॅक्सी व्यवसायातील उत्पन्न बुडाले. अशा वेळी शाळा बदलण्यात कमीपणा काहीच नाही.

लस, मास्क आणि आजारपण यांविषयी काय लक्षात ठेवावे?

१५ ते १८ वर्षांच्या मुलांचे कोविड लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी आणि १२ ते १४ वर्षांच्या मुलांचे १६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले. त्याखालील वयाची मुले २०२२ मध्ये राष्ट्रीय कोविड लसीकरण मोहिमेत नव्हती, म्हणजेच पहिली ते चौथीच्या मुलांकडे कोविड लसीचे प्रमाणपत्र मागण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांचे संरक्षण घरातील मोठ्यांच्या लसीकरणावर अवलंबून होते, म्हणून आजी-आजोबांचे अपुरे डोस आधी पूर्ण करणे गरजेचे होते. आरोग्य मंत्रालयाच्या तेव्हाच्या सूचनांनुसार पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क लावायचा नव्हता. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनी तो नीट वापरता येत असेल तर मोठ्यांच्या देखरेखीखाली लावायचा होता.

मुलाला ताप, खोकला किंवा जुलाब असल्यास घरी ठेवावे. जूनमध्ये सर्दी-ताप सर्रास येतो, त्यामुळे घाबरून जाऊ नये, पण तापाची गोळी देऊन मुलाला शाळेत पाठवणे हे इतर मुलांवर अन्याय करणारे आहे. बंदच्या काळात नेहमीच्या लसी राहून गेल्या असण्याची शक्यता मोठी आहे; पाच ते सहा वर्षांदरम्यानचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर आणि दहाव्या वर्षीची टीडी (धनुर्वात, घटसर्प) लस झाली आहे का, हे कार्डावर पाहून जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

शिकवणी लावावी का?

पहिली ते चौथीसाठी सहसा नको. शाळा, मग शिकवणी, मग गृहपाठ अशा दिवसात मुलाला खेळायला वेळच उरत नाही, आणि दोन वर्षे घरात कोंडलेल्या मुलाला खेळाची गरज अभ्यासाइतकीच आहे. शाळेतील शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास कायद्याच्या कलम २८ ने मनाई आहे. आई-वडील दोघेही उशिरापर्यंत कामावर असतील, तर वाड्यावरच्या चार-पाच मुलांना एकत्र बसवून एखाद्या कॉलेजच्या मुलीकडून रोज अर्धा तास वाचन करून घेणे हा अधिक चांगला मार्ग आहे.

‘निपुण भारत’ म्हणजे काय? त्यासाठी मुलाची वेगळी तयारी करावी लागेल का?

प्रत्येक मुलाला तिसरी संपेपर्यंत समजून वाचता यावे आणि साधे गणित करता यावे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठण्यासाठी ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेले हे केंद्राचे अभियान आहे. ती परीक्षा नाही. त्यामुळे तिच्या नावाने विकली जाणारी गाइडे घेऊ नयेत. वर सांगितलेले रोजचे वाचन हीच त्याची तयारी आहे.

आमच्या कुटुंबातील मुलाने कोविडमध्ये आई-वडील गमावले. त्याला कोणता आधार मिळू शकतो?

दोन्ही पालक किंवा हयात असलेला एकमेव पालक कोविडमुळे गेला असल्यास ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन’ ही २९ मे २०२१ रोजी जाहीर झालेली योजना होती; तिच्यात नाव नोंदवण्याची मुदत २८ फेब्रुवारी २०२२ रोजी संपली. तिच्यात शिक्षणाचा खर्च, आरोग्य विमा आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी मिळणारी १० लाख रुपयांची रक्कम यांची तरतूद आहे. मुलाचे नाव नोंदले गेले आहे का, याची जिल्हा बाल संरक्षण कक्षात कागदपत्रांसह चौकशी करावी. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर १०९८ हा क्रमांक कोणत्याही वेळी विनामूल्य लागतो. एकच पालक गेला असेल तरीही शाळेला कळवावे. वर्गात ‘माझे बाबा’ असा निबंध द्यायचा की नाही, हे शिक्षकांना त्यामुळेच ठरवता येते.

शाळा पुन्हा बंद झाल्या तर?

तशी वेळ आली तर निर्णय शिक्षण खाते घेईल आणि तो शाळेमार्फत कळेल. मोबाईलवर फिरणाऱ्या निरोपांवर विश्वास ठेवू नये. पालकांनी आतापासून दोन गोष्टी करून ठेवाव्यात. घरात पाठ्यपुस्तकांव्यतिरिक्त मुलाला वाचता येतील अशी काही गोष्टींची पुस्तके असावीत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात, तेव्हा त्या बैठकीत एक ठराव आताच मांडावा: शाळा बंद झाल्यास शिक्षकांनी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी वाड्यावरच्या देवळाच्या मंडपात किंवा पंचायतीच्या सभागृहात चार-पाच मुलांचे गट घ्यावेत, छापील कागद वाटावेत आणि वह्या प्रत्यक्ष तपासाव्यात, मात्र हे सारे त्या वेळच्या आरोग्य नियमांत बसेल अशाच रीतीने व्हावे. ठरावाची प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी.